प्रेमलाबाईंनी लांबवलेली पोथी

प्रेमलाबाईंना त्यांच्या नवऱ्यानं जेवढं मारलं, तेवढं आमच्या गावात बैलालाबी कुणी मारलं नसंल. पहिल्याच वाक्याला हे सांगितलं म्हणून बाई माझ्यावर चिडतील. चिडू द्या. शिकलेल्या बाईबद्दल सांगायला बसलं की लोकांना पदवी पाहिजे, नोकरी पाहिजे, स्वभाव कसा शांत होता ते पाहिजे. तेबी सांगते. पण मार आधी. तो वगळला तर ह्या बाईनं अमेरिकेतल्या एका मेलेल्या लेखकासाठी येवढा जीव काहून टाकला, ते तुमाला कळायचं न्हाई.

बाई मूळच्या माहूरच्या. वडील तिथं शाळेत मास्तर होते. लग्न होऊन देगलूरला आल्या. नवरा रेणुकादास, वकील. नाव देवीच्या दासाचं, गुरुवारच्या भजनात पेटी वाजवायचा, अन् बोलायचा असा की ऐकणाऱ्याला वाटावं, काय देवमाणूस हाय! घरात आला की कमरेचा पट्टा काढायचा. भाजीत मीठ जास्त झालं, पट्टा. कॉलेजातनं यायला उशीर झाला, पट्टा. एकदा कानाखाली अशी वाजवली की बाईंचा उजवा कान कायमचा गेला. एकदा हात पिरगाळून मोडला, अन् प्लास्टरातल्या हातानं बाईंनी परीक्षेचे पेपर तपासले. मुखेडच्या एका कॉलेजात त्या इंग्रजी शिकवायच्या, रोज देगलूरहून एसटीनं जाऊन-येऊन. कुणी विचारलं की सांगायच्या, न्हाणीत पाय घसरला. इतक्यांदा न्हाणीत घसरणारी बाई साऱ्या जिल्ह्यात दुसरी नसंल, पण एकाबी प्राध्यापकाला नवल वाटलं न्हाई. जळो मेलं त्यांचं शिकणं.

त्याच कॉलेजच्या लायब्ररीत बाईंना तो सापडला. हायरम टॉलिव्हर. अमेरिकेतला जुना कादंबरीवाला. त्याचं पुस्तक कुणी कधी उघडलेलंच न्हवतं, पानं एकमेकांना चिकटून बसलेली. बाईंनी ते एसटीत वाचलं, कारण घरात वाचलं असतं तर तेच डोक्यात बसलं असतं. पहिल्याच पानावर एक बाई मार खाऊन उठती अन् चूल पेटवती. लेखक तिची कीव करत न्हाई. नुस्तं तिचं कोणतं बोट वाकडं झालंय अन् त्या बोटानं ती पीठ कसं मळती, येवढंच सांगतो. बाई मला म्हणल्या, "सिंधु, मला वाटलं, हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात येऊन बघून गेलाय." त्या दिवशी गाडी मुखेडच्या स्टँडला लागली तरी बाई उतरेनात. कंडक्टरनं हाका मारून उठवलं.

मग बाईंना एक खूळच लागलं. ह्या माणसाची ओळख आपल्या लोकांना मराठीत करून द्यायची. तो कुठं जन्मला, कसा जगला, काय काय लिहिलं, नव्या वाचणाऱ्यानं कुठल्या पुस्तकापासनं सुरुवात करावी, हे सगळं साध्या भाषेत. नवरा कोर्टात गेला की लिहायच्या. नांदेडच्या एका छापखान्यातनं लहानसं पुस्तक छापून आणलं अन् गठ्ठे पलंगाखाली सारून ठेवले. ते रेणुकादासाच्या नजरेला पडले. त्यानं त्या दिवशी पट्टा काढला न्हाई. न्हाणीत बंब पेटवला, एकेक पुस्तक फाडून बंबात घातलं, बाईंना समोर उभं केलं अन् त्या पाण्यानं आंघोळ केली. वर म्हणतो कसा, "तुझा अमेरिकन कामाचा आहे बरं का, पाणी छान तापलं."

पुढं तो झटक्यानं मेला. बाई म्हणल्या, "सगळे रडत होते, आणि मला भूक लागली होती. मी आत जाऊन दोन पोळ्या खाल्ल्या." नोकरी संपल्यावर त्यांनी मुखेडलाच दोन खोल्या घेतल्या अन् एकट्या राहायला लागल्या.

आता मी कोण ते सांगते. मी सिंधु. मुखेडपासनं थोडं आत आमचं गाव. आमचे मालक हणमंतराव, अन् त्यांचा धाकटा भाऊ शिवम. सासरे गेल्यावर शेताची वाटणी झाली, मधे बांध पडला, अन् त्या बांधानं दोघांची अक्कल खाल्ली. मालकांनी ट्रॅक्टर घालून बांध कोरला अन् नांगराची दोन तासं पलीकडं सरकले. शिवमनं आमच्या मोटारीचा पाइप तोडला. मालकांनी टिकावाच्या दांड्यानं शिवमच्या गळ्याखालचं हाड मोडलं. शिवमनं, ते हाड जुळायच्या आत, आमच्या बैलाच्या मागच्या पायाची शीर कत्तीनं कापली. तो बैल मी गोठ्यात पडलेला पाहिला हाय. उठायला बघायचा अन् परत त्याच बाजूला आपटायचा. जनावरानं कुणाचा बांध कोरला होता हो?

त्यानंतर मालकांनी बाजारातनं नवीन कुऱ्हाड आणली. रोज सकाळी अंगणात बसून, मला दिसंल अशी, पाथरीवर घासायचे. म्हणायचे, "श्रावण हाय म्हणून गप हाय. पोळा होऊ दे, पोथी उठू दे. शिवम्याला बांधातच पुरतो." हे दारूच्या भरात न्हाई हो, चहा पिताना. म्हणून तर मला ते खरं वाटलं. एकाला मसणात अन् दुसऱ्याला तुरुंगात घालवायचं, अन् मी अन् माझ्या जावेनं दोन घरांत दोन पांढरी कपाळं घेऊन बसायचं! मला माझा नवरा पाहिजे होता अन् तिचाबी जित्ता पाहिजे होता. तेवढंच मागणं होतं.

पोथीचं असं हाय. आमच्या गावात श्रावणात महादेवाच्या देवळात बायांची पोथी बसती. दुपारी एकीनं वाचायचं, मग अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी हूं म्हणायचं. पोथी एकदा चौरंगावर बसली की उठेस्तोर गावात दारू न्हाई, मटण न्हाई, अन् कुणी कुणावर हात उचलायचा न्हाई. पार आमच्या आजेसासूच्या आधीपासनं हे चालत आलंय. ठाण्याच्या साहेबाला जे जमत न्हाई ते ह्या पोथीला जमतं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी शेवटचा अध्याय, प्रसाद, अन् पोथी उठली. मग गडी मोकळे.

वाचायच्या तुळजाबाई. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, पोथी त्यांच्याच घरची. पण त्या साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला अन् अक्षर दिसंना. माझी जाऊ आरती मुखेडला कॉलेजात प्रेमलाबाईंच्या हाताखाली शिकलेली. ती म्हणली, आमच्या बाईंना आणते. अशा बाई आल्या. रोज काळी-पिवळी जीपमधे बसून यायच्या, पिशवीत पाण्याची बाटली अन् चष्मा. वाचणं असं स्वच्छ की पहिल्या दिवशी तुळजाबाई म्हणल्या, "इतक्या वर्षांत मी काय वाचून राहिले होते, ते मला आज समजलं."

आरतीला अन् मला नवऱ्यांनी बोलायची बंदी केलेली. पण पोथीला कुठं बसायचं हे त्यांच्या बापाच्याबी हातात न्हवतं. आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या कानाशी आली. "अक्का, आमच्या घरातबी कुऱ्हाड आलीय. दाराआड ठेवलीय." बाकीच्या बाया उठून गेल्यावर आम्ही दोघी बाईंपाशी बसलो अन् सगळं सांगितलं. मी म्हणलं, "बाई, पाया पडते, शेवटचा अध्याय वाचू नका. पोथी उठू देऊ नका."

"पण मग रोज येऊन काय वाचू?" बाई म्हणल्या. "तेच ते अध्याय पुन्हा?"

तुळजाबाई भिंतीला टेकून बसलेल्या. आम्हाला वाटलं झोपल्यात. त्या डोळे मिटूनच बोलल्या, "अर्थ संपल्याबिगर पोथी उठत न्हाई. बाईंचा अर्थ अजून संपला न्हाई, असं मी गावाला सांगते. अर्थात काय सांगायचं ते बाईंनी बघावं. लांबडं पाहिजे."

बाईंनी पोथी कपड्यात गुंडाळली. मग हळूच म्हणल्या, "माझ्याकडे एक आहे सांगायला. लांबडं आहे. पण तो देव नाही हं."

"कोण हाय?"

"अमेरिकेतला एक माणूस."

"असू द्या की," तुळजाबाई म्हणल्या. "तिकडंबी महादेवानंच पाठवला असंल."

असा हायरम टॉलिव्हर आमच्या देवळात आला. तुळजाबाईंच्या तोंडात ते नाव बसंना, त्यांनी त्याला हिरामण केलं, अन् साऱ्या गावाचा तो हिरामणच झाला. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पोथी उठली न्हाई. मालक संध्याकाळी म्हणाले, "काहून?" मी म्हणलं, "अर्थ चालू हाय."

बाईंनी आधी त्याचं गाव सांगितलं. काळी जमीन, कापूस, जवळ नदी, उन्हाळा असा की कुत्री जीभ काढून पडावीत. "म्हणजे आपलंच की," एक जण म्हणली. खायला मका. मक्याचीच भाकरी. कापूस वेचायला काळी माणसं, ज्यांच्या आज्यांना बाजारात उभं करून विकलं होतं. तुळजाबाईंनी विचारलं, "हिरामणनं ह्या लोकांचं लिहिलं का?"

"पहिल्या पुस्तकांत नाही लिहिलं नीट," बाई म्हणल्या. "ती माणसं नुसती मागे कापूस वेचताना दिसतात. पुढे त्याची त्यालाच लाज वाटली. मग लिहिलं. तोपर्यंत म्हातारा झाला होता."

"लवकर लाज वाटायला काय झालं होतं मेल्याला!"

बाई हसल्या. त्या अशा हसलेल्या आरतीनंबी कधी पाहिल्या न्हवत्या. मग रोज थोडं थोडं. हिरामण घर सोडून पळाला. जिनिंगमधे कामाला लागला. कापूस ओढायच्या दातऱ्यात त्याची दोन बोटं गेली, अन् उरलेल्या बोटांनी त्यानं लिहायला शिकलं. दिवसा जिनिंग, सुट्टीला लिहिणं, अन् मधे दारू. बायको केली, तिला मारलं. बाईंनी हेबी लपवलं न्हाई. ती सोडून गेली, तवा हा तिच्या मागं स्टेशनापर्यंत गेला अन् माफी मागायच्या ऐवजी तिच्या सामानाची पेटी लाथेनं फोडली. बाया भडकल्या. "असल्याचं आम्ही काहून ऐकायचं?" एक उठून चाललीच.

बाई म्हणल्या, "बस. मीही हेच म्हणाले होते, पुस्तक खिडकीतून फेकणार होते. पण पुढे त्यानं तीच बायको लिहिली. तिचं वाकडं बोट लिहिलं, आणि ते बोट कुणी मोडलं तेही लिहिलं. मारणारा असा कबूल झालेला मी आयुष्यात पाहिला नाही. आमच्या घरी तर नाहीच." मग बाईंनी आपलं सगळं सांगितलं, पट्टा, कान, बंब, सगळं. मला जे ठाऊक हाय ते बरंचसं त्या दुपारी ऐकलेलं. कुणी हूं म्हणलं न्हाई. उठलेली बाई खाली बसली अन् पदरात तोंड घालून रडायला लागली. तिच्या घरात काय चालतं ते तिला ठाऊक अन् महादेवाला.

भादवा सरत आला. गणपती बसले, उठले. पोथी चौरंगावरच. पारावर गड्यांची कुजबुज सुरू झाली, बायांनी काय खेळ मांडलाय म्हणून. पण तुळजाबाईंना विचारायची छाती कुणाची न्हवती. मालक रोज कुऱ्हाड घासायचे. घासून घासून तिचं पातं आरशासारखं झालं होतं, अन् तोंडानं एकच, "कवा उठणार ती पोथी?"

शेवटी बाई हिरामणच्या मोठ्या कादंबरीपाशी आल्या. जिच्यामुळं त्याचं नाव झालं, ती. दोन भाऊ, दोन शेतं, मधे लाकडी कुंपण. आरतीनं माझा हात धरला. बाई सांगत होत्या ते ऐकवंना. मोठा भाऊ कुंपण सरकवतो. धाकटा त्याची घोडी मारतो. मी त्या दिवशी सगळे गेल्यावर बाईंना अडवलं.

"पुढं काय होतंय?"

"मोठा धाकट्याला मारतो. मेख ठोकायच्या हातोड्यानं."

"हे सांगणार तुमी? इथं? आमच्या गावात?" माझा आवाज चढला. "बदला ते! म्हणावं दोघं रडले, गळ्यात गळा घातला. कोण बघायला जातंय अमेरिकेत?"

"नाही बदलणार, सिंधु."

"तुमचं पुस्तक मोठं का आमची माणसं मोठी?"

बाईंचा आवाज हालला न्हाई. "मी बदलूनच सांगत आले गं सगळं. पाय घसरला, पाय घसरला. त्यानं माझी एक तरी जखम कमी झाली का? उलट त्याला कळलं, ही सांगत नाही. हे मी जसं आहे तसंच सांगणार. नाहीतर उद्यापासून येत नाही, आणि शेवटचा अध्याय तुमचा तुम्ही वाचा."

मी घरी जाऊन भांडी आपटली. काय ही हट्टी बाई! आमच्या जिवावर हिला खरेपणा सुचून राहिला! पण पोथी तर उठू द्यायची न्हवती, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले.

दोन भावांचं चाललंय हे गावात पसरलेलं, म्हणून त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर गडीबी आले. मालक पुढं, कुऱ्हाड खांद्यावर, शेतातनंच आल्यासारखे. शिवम त्या बाजूच्या नंदीपाशी उभा, त्याच्याबी हातात कुऱ्हाड. पोथी बसलेली, म्हणून दोघं गप. बाईंनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, चष्मा पुसला अन् सुरू केलं.

मोठा भाऊ कुंपणाची मेख ठोकत होता. धाकटा आला, मेख उपटायला वाकला. मोठ्यानं हातोडा तसाच हाणला. पहिला घाव खांद्यावर. धाकटा खाली बसला अन् म्हणला, "थांब, मला टोपी घेऊ दे." दुसरा घाव डोक्यावर. मग मोठा थांबलाच न्हाई, मेखच ठोकत असल्यासारखा ठोकत राहिला. कापसाच्या गाडीत मोठ्याचं पोरगं बसलेलं. त्यानं सगळं पाहिलं. मोठ्याची बायको घरातनं पळत आली, तिनंबी पाहिलं. कोर्टात बायको म्हणली, मी घरात होते. पोरगं म्हणलं, मी झोपलो होतो. बाई म्हणल्या, "ते पोरगं म्हणजे हायरम स्वतः. हे त्याच्या घरात घडलेलं आहे. कोर्टात जे बोलला नाही, ते त्यानं म्हातारपणी कादंबरीत लिहिलं."

तवा पायरीवरनं मालक बोलले, "मग त्या मोठ्याचं काय झालं? फाशी?"

"नाही," बाई म्हणल्या. "सुटला."

"अन् शेत?"

"दोन्ही शेतं त्याचीच झाली. कुंपण काढून टाकलं त्यानं."

मालक हसले. "बायको बोलली न्हाई म्हणून सुटला! शाणी बायको." अन् शिवमकडं वळून म्हणले, "ऐकलंस का रे शिवम्या? पोथीतच आलंय."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. हे असं कुणी ऐकंल, हे त्यांच्या ध्यानीमनी न्हवतं. कॉलेजातल्या पोरांसमोर पुस्तक म्हंजे पुस्तक असतं. आमच्याकडं चौरंगावरनं जे सांगितलं, ते माणूस घरी नेतो अन् तसं वागतो. मालकांच्या डोक्यात ते बसलं होतं. आता पोथी उठायचीबी गरज न्हवती.

माझ्यानं कसं उठवलं काय ठाऊक. उठले. गड्यांच्या देखत, तोंडावरचा पदर मागं सारून, आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारली. "हणमंतराव! मी झोपलेली न्हाई. शिवमला हात लावलात तर पहिली गवाही माझी. कुऱ्हाड कुणी आणली, कुणी घासली, काय बोलून घासली, सगळं सांगीन. तुमाला सोडवायला मी त्या बाईसारखी गप बसणार न्हाई!"

"तुझ्या आयला!" म्हणून त्यांनी नारळ फोडायचा दगड उचलला अन् फेकला. माझ्याच डोक्यावर फेकला होता. पण माझा हात धरायला बाई उठल्या होत्या, अन् उजवीकडनं आलेलं त्यांना काहीच ऐकू गेलं न्हाई. दगड त्यांच्या कपाळात बसला. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. बाई चौरंगावरच पडल्या, रक्त पोथीच्या कपड्यावर गेलं.

पोथी बसलेली असताना हात उचलला! गावात असं कधी झालं न्हवतं. गडी मालकांवर तुटून पडले, लाथा-बुक्क्या, कुणाचं तोंड कुणाला दिसंना. तेवढ्यात शिवम कुऱ्हाड उगारून धावला. भाऊ खाली पडलाय, मान समोर हाय, अशी संधी परत कवा! आरतीनं झेप घेतली अन् कुऱ्हाडीच्या दांड्याला लोंबकळली. त्यानं तिला दोनदा भिंतीवर आपटली, तिच्या तोंडातनं रक्त आलं, तरी सोडंना. ती ओरडत होती, "मीबी झोपलेली न्हाई! मीबी सांगीन! तुमचंबी सांगीन!" शिवम तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याचा हातच सैल पडला. कुऱ्हाड पायऱ्यांवरनं खणखणत खाली गेली.

बाईंना काळी-पिवळीत घालून मुखेडच्या दवाखान्यात नेलं. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं, माझं लुगडं रक्तानं भिजून चिकट झालेलं. डॉक्टर तरुण होता. टाके घालता घालता त्यानं विचारलं, "कसं लागलं आजी?"

बाईंनी डोळे उघडले. अन् काय म्हणल्या असतील! "पाय घसरला."

मला असा संताप आला. त्या रेणुकादासाचा, माझ्या नवऱ्याचा, साऱ्या जगाचा. "न्हाई घसरला!" मी किंचाळले. "माझ्या नवऱ्यानं दगड मारला. हणमंतराव नाव हाय. लिहा तुमी. मी डोळ्यांनी पाहिलंय."

डॉक्टर थबकला. त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं, कानाकडं वाहायला लागलं. मग त्यांनी डॉक्टरचा हात धरला अन् स्पष्ट म्हणल्या, "ती म्हणते ते खरं आहे. आणि हा उजवा कान बघा. हाही घसरून गेलेला नाही. माझ्या नवऱ्यानं घालवला. तो मेलाय, आता काही करता यायचं नाही. तरी लिहा." डॉक्टरनं लिहिलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पण बाई बोलल्या, अन् मी ऐकलं.

ठाण्यात माझं बयान झालं, आरतीचं झालं. आरतीनं शिवमची कुऱ्हाड लपवली न्हाई, अन् शिवमनंबी मान खाली घालून हो म्हणलं. पारावरची मोठी माणसं मागनं आलेली. "सिंधु, बयान मागं घे, घरातली भानगड घरात मिटवू. बाईबी म्हणतात पाय घसरला." मी म्हणलं, "बाई आता तसं म्हणत न्हाईत. जाऊन विचारा." ते गेले न्हाईत.

मालकांना ठाण्यात कोंडलेलं, मला डबा द्यायला आत सोडलं. मालक भिंतीला टेकून बसलेले, ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. माझ्याकडं बघंनात. मी भाकरी अन् पिठलं समोर ठेवलं. त्यांनी भाकरीला हात लावला न्हाई. मग म्हणाले, "बायको असून मला तुरुंगात घालतीस?"

भीती वाटत होती, रागबी होता, अन् त्यांचा तो फुटलेला ओठ बघून जीवबी तुटत होता. तरी मी नीट बोलले.

"हाव, घालते. पण सुटून याल तवा तुमाला भाऊ असंल."